बावीस पायऱ्या

पंप, फिल्टर आणि गरम पाण्याच्या यंत्रणेची देखभाल हा माझा अठरा वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे ‘नवीन घ्यायचंय, जरा कोटेशन बघून द्या’ अशी बोलावणी मला नेहमीच येतात. मागच्या नोव्हेंबरात पाषाणच्या एका बंगल्यातून असेच बोलावणे आले. घरचे काका सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या गच्चीवरचा अकरा वर्षांचा हॉट टब गळू लागला होता आणि खालच्या खोलीच्या छताला ओल धरली होती. मी पोहोचलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक मोठा आलेख कागद पसरलेला होता. सहा ब्रँड, सव्वीस रकाने आणि प्रत्येक आकडा टोकदार पेन्सिलीने भरलेला. जेट, म्हणजे पाण्याचे जोरदार फवारे, किती, पंपाची अश्वशक्ती किती, दिवे किती रंगांचे, ब्लूटूथ स्पीकर आहे की नाही, इतकेच काय, पेला ठेवायच्या खाचा किती, हेही त्यात होते.

पुण्यात असल्या कोणत्याही टबाला सरसकट जाकुझी म्हणतात. ते खरे तर इटलीहून अमेरिकेत गेलेल्या सात भावांचे आडनाव. आधी विमानांचे पंखे आणि मग पंप तयार करणाऱ्या या घराण्यातल्या एका लहान मुलाला संधिवात होता. त्याच्यासाठी 1956 मध्ये त्यांनी साध्या न्हाणीच्या टबात ठेवता येईल असा पंप बाजारात आणला आणि 1968 मध्ये त्याच घराण्यातल्या रॉय जाकुझी यांनी जेट बसवलेला अखंड टब काढला. मी हे सांगत असताना दिवाळीच्या उरलेल्या चकल्या घेऊन आलेल्या काकू क्षणभर थांबल्या आणि ‘म्हणजे माझ्यासारख्यासाठीच की’ असे म्हणून आत गेल्या. त्यांचे गुडघे संधिवाताने धरलेले होते आणि मूळचा टब त्यांच्यासाठीच घेतला होता, हे मला तेव्हा कळले.

तक्त्याकडे वळल्यावर पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की त्यातली सहा नावे म्हणजे सहा घरे नव्हेत. जाकुझी आणि सनडान्स एकाच समूहाचे, तर हॉट स्प्रिंग आणि कॅल्डेरा हे दोन्ही कॅलिफोर्नियातल्या वॉटकिन्सचे. शिवाय बाहेरचे लेबल कोणतेही असले, तरी कितीतरी टबांच्या आतला नियंत्रणाचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बाल्बोआ किंवा गेको अशा मोजक्या उत्पादकांकडून येतो. म्हणून पाच वर्षांनी सुटा भाग मिळेल का, हा प्रश्न लेबलापेक्षा आतल्या बोर्डाला विचारायचा असतो. अश्वशक्तीचा रकाना मी सरळ खोडायला सांगितला. एका माहितीपत्रकात पंप 6 अश्वशक्तीचा लिहिला होता, पण त्याच पत्रकाच्या शेवटच्या पानावर विद्युतप्रवाह 12 अँपिअर होता. 230 व्होल्टवर 12 अँपिअर म्हणजे पावणेतीन किलोवॉटच्या आसपास वीज आत जाणार, त्यातून मोटरची तूट वजा केली की फार तर तीन अश्वशक्ती हाती लागते. काकांनी स्वतः गुणाकार करून पाहिला आणि खोडरबर घेतले.

आता नवा टब ठरवण्याआधी जुना का मेला ते पाहावे, असे मी म्हटले. काकांना ते फारसे पटले नाही, कारण त्यांच्या मते ब्रँडच भिकार होता. तरीही आम्ही गच्चीवर गेलो. झाकण उचलायला फिटरला आणि मला दोघांना लागावे लागले. आतला फोम पाणी पिऊन दगडासारखा झाला होता. पंप आणि हीटर ज्या बाजूला, नेमकी तीच बाजू कठड्याकडे, मध्ये जेमतेम वीतभर जागा. नळी लावून हजार लिटर पाणी गच्चीच्या पन्हळीतून सोडायला दीड तास गेला, मग चौघांनी मिळून टब सरकवला आणि पॅनेलचे स्क्रू काढले.

आत पाहिल्यावर मी काकांना जवळ बोलावले. पंपाच्या नेमप्लेटवर 60 हर्ट्झ एवढेच छापले होते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. म्हणजे पंप पहिल्या दिवसापासून पाच षष्ठांश वेगाने फिरत होता, त्याचा दाब सुमारे सत्तर टक्क्यांवर आला होता आणि व्होल्टेज तेवढेच राहिल्यामुळे मोटरचा गाभा नेहमी जास्त तापत होता. दोनदा मोटरचे वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेचे वेटोळे, जळाले होते ते उगाच नव्हे. ‘जेट पहिल्यापासून मवाळच होते’ असे काका पुटपुटले. हीटरची नळी उघडली तर त्यातला एलिमेंट दिसतच नव्हता. त्यावर बोटभर जाडीचा पांढरा थर चढला होता आणि नखाने खरवडल्यावर त्याचे खडूसारखे पोपडे हातात आले. त्या भागात टँकर वरचेवर येतो आणि टँकर म्हणजे बहुधा बोअरचे पाणी. मी बरोबरच्या किटने पाहिले तेव्हा कठिणपणा लिटरला 480 मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक 200 ला पुरेसे मानते आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेते. हीटरला मात्र असली सवलत कळत नाही.

सर्वांत वाईट गोष्ट मात्र वितरणपेटीत होती. एलिमेंटमधून प्रवाह झिरपू लागल्यावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, सारखा पडत असणार. कुणा इलेक्ट्रिशियनने तो दुरुस्त करण्याऐवजी सरळ बायपास करून ठेवला होता. पाण्यात बसलेल्या माणसाचे संरक्षण करणारे 30 मिलिअँपिअरचे एवढे एकच उपकरण, आणि तेच काढलेले. काका कठड्यावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

तक्त्यात काकांनी सर्वाधिक गुण दिले होते ते जाड, संपूर्ण फोम भरलेल्या टबाला. उणे तापमानात राहणाऱ्या माणसासाठी ते योग्यच आहे. पुण्याच्या एप्रिलमध्ये मात्र पंपाचीच उष्णता आत कोंडून पाणी आपोआप तापत जाते आणि पॅनेलवर ‘ओएच’ ही अतितापाची खूण झळकते. जुन्या टबावर ती दर उन्हाळ्यात यायची. काकांना वाटे, टब ‘ओह’ म्हणतो आहे. त्यातून पाइप गळला तर तो शोधण्यासाठी अख्खा फोम कोरून काढावा लागतो, जो आम्ही त्या दुपारी पाऊण तास कोरला.

मग वजनाचा विषय निघाला. काकांनी पसंत केलेला सहा जणांचा टब 2.2 मीटर लांब आणि तेवढाच रुंद होता. पाणी 1400 किलो, टब 380, माणसे साडेचारशे, मिळून सव्वादोन टन, म्हणजे चौरस मीटरला साधारण 460 किलो. वापरातल्या गच्चीसाठी आपले मानक सर्वसाधारणपणे 150 धरते. हे मी सांगायच्या आधीच काकांच्या चेहऱ्यावर हिशेब उमटला होता, कारण आयुष्यभर त्यांनी हेच केले होते. फक्त स्वतःच्या गच्चीवर तो मांडला नव्हता. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवू, तुळई घालू, असे ते म्हणू लागले.

तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी काकू दिसल्या. एका हाताने कठडा धरून त्या धापा टाकत होत्या.

‘बावीस पायऱ्या आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘दोन वर्षांत मी या टबात उतरलेले नाही. गुडघ्यांसाठी टब आणि टबासाठी गुडघे झिजवायचे, हे मला झेपत नाही.’

काकांनी हातातल्या तक्त्याकडे पाहिले. सव्वीस रकान्यांमध्ये हा नव्हता.

पुढचे सगळे पंधरा मिनिटांत ठरले. टब खाली, स्वयंपाकघराच्या मागच्या दारालगत, जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या ओट्यावर. तीन माणसांचा, म्हणजे साधारण 800 लिटरचा. नेमप्लेटवर 50 हर्ट्झ. पंपाची बाजू मोकळी. भरण्यासाठी सॉफ्टनरचे, म्हणजे कठिणपणा काढलेले, पाणी. ब्रँडचे नाव काकांनी सर्वांत शेवटी लिहिले, आणि तेही या अटी पुरवणाऱ्या दोनांपैकी ज्याचा विक्रेता हीटरचा एलिमेंट पुण्यात साठ्यात ठेवतो त्याचे. आरसीसीबी मी त्याच संध्याकाळी बसवून दिला. काकूंनी तोवर केरसुणीच्या दांड्याने टबाची उंची मापून, पाय किती उचलावा लागेल ते पाहून, दोन रुंद पायऱ्या आणि एक दांडा मागितला होता.

जानेवारीत सकाळी पाणी तपासायला गेलो तेव्हा काकू टबात बसलेल्या होत्या. पाणी 37 अंशांवर होते, कारण त्यांच्या डॉक्टरांनी तेवढेच आणि पंधरा मिनिटेच सांगितले होते. सगळे जेट चालू आहेत ना ते पाहावे म्हणून मी व्हॉल्व्हला हात घातला.

‘ते दोनच राहू द्या हो,’ काकू म्हणाल्या, ‘बाकीच्यांनी गुदगुल्या होतात.’