टॅगवर मादी लिहिलं होतं

सहा टोकांच्या शिंगांचा नर समोर उभा होता. शंभर पावलंही अंतर नसेल. शेजाऱ्याने रायफल खांद्याला लावली, दुर्बिणीतून बघितलं आणि खाली घेतली. मी कुजबुजलो, "मार ना!" त्याने छातीवरच्या खिशावर हात ठेवला. "टॅग मादीचा आहे."

ऑक्टोबरमधली पहाट, अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहराच्या पश्चिमेचा डोंगर, आजूबाजूला चिटपाखरू नाही. आपल्या सांबरापेक्षा अंगाने भारी असा तो एल्क दोन मिनिटं आमच्याकडे बघत राहिला आणि पाइनच्या झाडांत शिरला. मी "मार ना" म्हणालो, ते अजून माझ्या मनातून जात नाही. बंदूक मी जन्मात हातात धरलेली नाही, मांसाची हाव नव्हती. कुणी बघत नाहीये, एवढंच माझ्या डोक्यात आलं होतं.

त्या टॅगबद्दल सांगतो, कारण तेव्हापासून माझं मन त्यातच अडकलंय. टॅग म्हणजे शिकारीच्या परवान्याची, मारलेल्या जनावराला बांधायची चिठ्ठी. कोलोराडोत शिकारीसाठी राज्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक दिलेत. एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज करायचा, मग सोडत. नाव निघालं नाही तर एक गुण जमा होतो आणि पुढच्या सोडतीत धरला जातो. शेजाऱ्याचं नाव दोन वर्षं लागलं नव्हतं. कुठल्या तुकड्यात, कुठल्या तारखांना, नर की मादी, सगळं परवान्यावर ठरलेलं. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याने शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवाना नाही. अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड हवं, डोक्यावर त्याच रंगाची टोपी. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढाच वेळ.

दुसऱ्या दिवशी त्याला मादी मिळाली. बंदूक बाजूला ठेवून तो गुडघ्यावर बसला आणि क्षणभर तिच्या मानेवर हात ठेवला. मग टॅगवर तारीख घातली, सही केली, टॅग धडाला बांधला. मादी असल्याची खूण मांसाला तशीच जोडलेली ठेवावी लागते, ती सोडून बाकीचं कापलं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा. विकायला बंदी, द्यायला मुभा. चार खेपा करून आम्ही ते खाली आणलं. माझे खांदे आठवडाभर दुखत होते.

हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. खाणकामगारांच्या वस्त्यांना मांस पुरवण्यासाठी इथे एल्क इतके मारले गेले, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जवळपास संपले होते. १९१३-१४ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या भागातून आणून एस्टेस पार्क या गावात सोडावे लागले. आज राज्यात अडीच लाखांहून जास्त आहेत. त्याच एस्टेस पार्कमध्ये १९९५ साली सॅमसन नावाचा, सगळ्या गावाचा लाडका नर चोरून मारला गेला. त्यातून आलेल्या कायद्याने असा सहा टोकांचा नर बेकायदा मारला, तर नेहमीच्या दंडावर आणखी १०,००० डॉलर पडतात. पण शेजारी दंडाला भ्यायला असं मला वाटलं नाही. भीती माणसाच्या चेहऱ्यावर दिसते.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेत गेला आणि शिकारीचे गोडवे गायला लागला. तसं नाही. १९७२ च्या कायद्याने आपण शिकार बंद केली याचा मला अभिमान आहे. कोलोराडोत माणसं साठ लाखांच्या आसपास. महाराष्ट्र त्याच्यापेक्षा थोडाच मोठा, आणि २०११ च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटी. एवढ्या गर्दीत आपण वाघ, बिबट्या, सांबर टिकवलेत. इथल्या लोकांना हे सांगितलं की ते गप्प होतात, आणि मला बरं वाटतं.

पण मग बाबा आठवतात. आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, जंगलाला लागून. तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, शिरतात, हरभऱ्यात रानडुकरं. सत्तरीचा माणूस बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन जागलीला जातो. उभ्या पिकाला धोका असेल तर परवानगी देण्याची तरतूद आपल्याही कायद्यात आहे. नुकसानभरपाईही आहे. बाबांनी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या, पंचनाम्याला कुणी आलं नाही. इथेही एल्कच्या नुकसानीला अटी आहेत, पण त्या अटी पाळल्या की शेतकऱ्याला पैसे मिळतात, आणि ते शिकाऱ्यांच्या परवान्यांतून येतात. बाबांनी रोही मारावा असं मला वाटत नाही, तेही मारणार नाहीत. रात्री त्यांना झोप मिळावी, एवढंच.

मादीचं डोकं तपासणीला गेलं होतं. हरणांच्या मेंदूचा एक रोग १९६७ मध्ये याच फोर्ट कॉलिन्समधल्या बंदिस्त हरणांत पहिल्यांदा दिसला, म्हणून अहवाल येईपर्यंत शेजाऱ्याने मांस खाल्लं नाही. अहवाल चांगला आला तेव्हा त्याने एक पुडकं आणून दिलं. मी ते वऱ्हाडी मसाल्यात शिजवलं. ज्याने नर सोडला त्याच्या हातचं म्हणून घेतलं, असं मी घरात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना फोन केला. तिकडे संध्याकाळ. सगळं शांतपणे ऐकून त्यांनी विचारलं, "अन् तिथं पंचनाम्याले माणूस येते?"

"येतो, बाबा."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, ठेवतो. अंधार पडून राह्यला, वावरात जा लागते."