हॅडफिल्ड: त्यांची खोपोली

ग्लॉसपला गाडी थांबली. ड्रायव्हरने आपली पिशवी उचलली आणि फलाटावरून रमतगमत तो गाडीच्या दुसऱ्या टोकाला गेला. डब्यात आम्ही पाच जण होतो, त्यातले चार उतरले. मग गाडी आल्या वाटेनेच उलटी निघाली आणि डब्यात मी एकटी.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. मँचेस्टर पिकॅडिलीहून या फाट्यावर येणाऱ्या बहुतेक गाड्या असंच करतात. ग्लॉसपला तोंड फिरवायचं, पुढे हॅडफिल्डला जायचं आणि तिथे संपायचं. कर्जतच्या पुढे लोकल जशी खोपोलीला जाऊन डोंगराच्या पायथ्याशी थांबते, तशीच. पण मी ज्या कामाला निघाले होते, त्याला ही उलटी फिरलेली गाडी फारच शोभून दिसली.

सकाळी वहिनीने विचारलं होतं, "हॅडफिल्डला बघण्यासारखं काय आहे गं?"

दादा चहा गाळता गाळता म्हणाला, "काही नाही. म्हणूनच चाललीय ती."

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. या सगळ्याला तोच जबाबदार. पंधराएक वर्षांपूर्वी तो मँचेस्टरहून बदलापूरला सुट्टीवर आला, तेव्हा बॅगेतून चॉकलेटांबरोबर डीव्हीडींचा एक संच निघाला. 'द लीग ऑफ जंटलमेन'. "विनोदी आहे, सगळे मिळून बघा," एवढंच सांगून तो झोपायला गेला. आम्ही जेवणं उरकून बसलो. दहाव्या मिनिटाला आई उठली. "यात हसायचं कुठे?" असं विचारून ती ओटा आवरायला गेली. मलाही कळलं नव्हतं कुठे हसायचं. पण मी उठले नाही. रात्री दीडपर्यंत बघत बसले आणि नंतर पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायची हिंमत होईना.

मालिका एका गावाची आहे. रॉयस्टन वेझी त्या गावाचं नाव. वेशीवर पाटी, तिच्यावर स्वागत, आणि खाली इशारा की तुम्ही इथून कधीच जाणार नाही. बीबीसी टूवर 1999 ते 2002 अशी तीन पर्वं झाली, मध्ये 2000 साली नाताळचा एक विशेष भाग आला आणि 2017 मध्ये आणखी तीन भाग. मार्क गेटिस, स्टीव्ह पेम्बर्टन आणि रीस शीअरस्मिथ हे तिघेच गावातली बहुतेक सगळी माणसं होतात, बायकासुद्धा. बहुरूपीच म्हणायचे. चौथा भिडू जेरेमी डायसन, तो मुख्यतः लिहितो. चौघेही उत्तर इंग्लंडमध्ये वाढलेले. आधी रंगमंच, त्यावर 1997 साली विनोदासाठीचा एडिंबरोचा पेरिए पुरस्कार, मग रेडिओ, मग टीव्ही. रेडिओवर गावाचं नाव वेगळं होतं. टीव्हीसाठी त्यांनी एका महाचावट विनोदवीराचं खरं नाव उचललं आणि त्यालाच गावचा महापौर केलं. हे गाव ज्या खऱ्या गावात चित्रित झालं, ते डर्बीशरमधलं हॅडफिल्ड.

स्टेशनातून बाहेर पडलं की चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना काळपट दगडाची बैठी घरं आणि दुकानं, आणि जिकडे मान वळवावी तिकडे रस्त्याच्या टोकाला डोंगर. डोंगर म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखे कडे नाहीत. उघडंबोडकं, तपकिरी, ओलं माळरान, घरांच्या छपरांवरून डोकावणारं. नोव्हेंबर संपत आला होता. पाऊस पडत नव्हता, पण हवेतच पाणी होतं. पहिल्या पाच मिनिटांत मला एक गोष्ट कळली, जी बदलापूरच्या टीव्हीवर कधीच कळली नव्हती: या लोकांनी भयाण वातावरण 'निर्माण' वगैरे केलेलं नाही. कॅमेरा ठेवला आणि दुपारी तीनची वेळ गाठली.

गाव मात्र अतिशय सभ्य. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाच्या स्मारकापाशी मी उभी होते, तर कुत्रा फिरवणाऱ्या दोन वेगवेगळ्या माणसांनी थांबून हवेबद्दल चौकशी केली. मालिकेतल्या गावात बाहेरच्या माणसाचं काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला ही आपुलकी जरा जडच जाते. तिथे माळावर एक दुकान आहे, टब्ज आणि एडवर्ड या नवराबायकोचं. त्यांचं दुकान फक्त 'लोकल' गिऱ्हाइकांसाठी. परका माणूस आत आला की आधी वस्तूंना हात लावू नका, मग तुम्ही कोण, कुठले, आणि मग ते गिऱ्हाईक पुन्हा दिसत नाही. बदलापूरकराला लोकल म्हणजे दाराला लटकून पकडायची गाडी. तो शब्द इतका थंडगार वापरता येतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. (ते दुकान हॅडफिल्डमध्ये शोधू नका, तो माळावर उभारलेला सेट होता. आणि गंमत म्हणजे ही जोडी म्हणे सुचली ती दक्षिणेतल्या, ब्रायटनजवळच्या रॉटिंगडीनच्या एका दुकानात. उत्तरेचे लोक उगाच बदनाम.)

चहा प्यायला एका छोट्या दुकानात शिरले. दारावरची घंटी किणकिणली. गल्ल्यामागच्या आजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, काय मदत करू? मला हसू आवरेना. आजी दोन क्षण बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अच्छा, तुम्ही त्यासाठी आलात होय, लव्ह." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आता पूर्वीसारखी गर्दी नसते, पण आठवड्याला एखादं माणूस येतंच, आणि तेही असंच दारात उभं राहून हसतं. भारतातून मात्र पहिलीच. तुम्ही स्वतः मालिका बघता का, असं विचारलं तर म्हणाल्या, दोन भाग पाहिले, नंतर खाटकाकडून मांस आणायला नको वाटायला लागलं.

हे ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: रॉयस्टन वेझीचा खाटीक निवडक गिऱ्हाइकांना गल्ल्याखालून एक 'खास माल' देतो. तो माल काय आहे हे मालिका कधीच सांगत नाही. दुसऱ्या पर्वात तो खाऊन गावाच्या नाकांतून रक्त वाहायला लागतं, तरीही सांगत नाही. लेखकांची ही शिस्त मला फार आवडते. एखाद्याने तिसऱ्या भागात उकल करून टाळ्या घेतल्या असत्या.

सगळंच आवडतं असं नाही. लिंगबदल करून घेत असलेल्या टॅक्सीचालकावरचे विनोद आज शिळे लागतात, तेव्हाही फार ताजे नसावेत. आणि पापा लाझारू. हा सर्कसवाला दारात येतो तो काळा रंग फासलेल्या चेहऱ्याने, आणि बायका पळवतो. 2020 साली नेटफ्लिक्सने याच चेहऱ्यापायी मालिका काढून टाकली, बीबीसीने ठेवली. शीअरस्मिथचं म्हणणं असं की तो विदूषकाचा रंग आहे. असेल. माझ्यासारख्या सावळ्या बाईला तो खटकतो. आणि तरीही दाराची बेल वाजते आणि तो आत येतो, तो प्रसंग टीव्हीवर मी पाहिलेला सगळ्यात भीतिदायक प्रसंग आहे. या दोन्हींचा मेळ मला पंधरा वर्षांत घालता आलेला नाही.

म्हणूनच कोणी विचारलं, कुठून सुरुवात करू, तर मी 'लीग'चं नाव घेत नाही. 'इनसाइड नंबर नाईन'पासून करा. शीअरस्मिथ आणि पेम्बर्टनचीच, 2014 ते 2024, नऊ पर्वं, 55 भाग. प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा आणि स्वतंत्र, नियम एकच: गोष्ट नऊ नंबरच्या जागेत घडायची. घर असेल, रंगपटाची खोली असेल, झोपायच्या रेल्वे डब्यातला कप्पा असेल. पहिलाच भाग एका कपाटात घडतो, साखरपुड्याला जमलेले पाहुणे लपाछपी खेळताना एकेक करून आत घुसतात. दुसऱ्या भागात दोन चोर आहेत आणि जवळजवळ एकही संवाद नाही, तो आईला दाखवला तर ती पोट धरून हसली आणि शेवटी गप्प झाली. ख्रिस्टीन नावाच्या मुलीचा एक भाग आहे, त्याबद्दल मी एक अक्षर सांगणार नाही, फक्त दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर बघू नका. प्रत्येक भागात कुठेतरी सशाची एक छोटी मूर्ती लपवलेली असते, ती शोधण्यात गोष्ट निसटते, तेव्हा तो नाद दुसऱ्यांदा बघताना. त्यानंतर याच दोघांची 'सायकोव्हिल', आणि मग 'लीग'.

चहा संपवून मी परत स्टेशनाशी आले, कारण खरी ओढ स्टेशनामागे होती. हॅडफिल्डला रूळ संपतात, पण पूर्वी संपत नव्हते. इथून लोहमार्ग लाँगडेंडेलच्या खोऱ्यातून वर चढत वुडहेडच्या लांबलचक बोगद्यातून शेफील्डला जायचा. 1954 साली या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, 1500 व्होल्ट डीसीवर. हा आकडा वाचला आणि परदेशात गाववाला भेटल्यासारखं झालं, कारण 1925 साली व्हीटीहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी धावली तीही 1500 व्होल्ट डीसीवरच, आणि आमची लोकल पुढे कित्येक दशकं त्याच विजेवर पळली. आमची टिकली. हॅडफिल्डच्या पुढची शेफील्डपर्यंतची प्रवासी वाहतूक 1970 मध्ये बंद झाली, मालगाड्या 1981 मध्ये. रूळ उखडले, बोगद्यातून आता विजेच्या तारा नेल्यात आणि रुळांच्या जागी पायवाट आहे.

त्या वाटेने निघाले. एका हाताला एकामागून एक तलाव, एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरला पाणी द्यायला बांधलेले. दुसऱ्या हाताला ब्लीकलोचा माळ. 1948 च्या नोव्हेंबरात त्या माळावर अमेरिकी बी-29 विमान कोसळून तेरा जण गेले, विमानाचे तुकडे अजून तिथे पडलेले आहेत. डोंगरावर रात्री दिवे फिरताना दिसतात असं खोऱ्यातले लोक सांगतात. अशा वाटेवर एकटीने चालताना मला बीबीसीची 1976 ची 'द सिग्नलमन' आठवावी, हे काही बरं नव्हतं. बोगद्याच्या तोंडाशी एकटाच ड्युटीवर असलेला सिग्नलवाला, लाल दिवा, आणि हात हलवून सावध करणारं कोणीतरी. डिकन्सची गोष्ट, चाळीस मिनिटांच्या आत संपते. ती ज्या मालेतली, ती नाताळच्या सुमाराला दाखवायच्या भुताच्या गोष्टींची. नाताळात भुतं कशाला, असं आपल्याला वाटायचं कारण नाही. आपण दिवाळीचा फराळ खात दिवाळी अंकातल्या गूढकथा वाचतोच की. त्या मालेला गेल्या काही वर्षांत पुन्हा जीव दिला तो याच गेटिसने.

अडीचएक किलोमीटर गेले असेन. पावणेचारला उजेड विटला, म्हणजे अंधार झाला नाही, रंग तेवढे गेले. मागे पावलं वाजली. वळून पाहिलं तर सायकल हातात धरून चालणारा एक म्हातारा. तो हसला, मी हसले आणि झपाझप परत फिरले. भीती वाटली का? वाटली. आणि हसूही आलं, एकाच वेळी, त्याच जागी. आईला फोन करून सांगावंसं वाटलं की हसायचं ते इथे. तिच्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते, ती औषध घेऊन आडवी झाली असणार. 'लीग'च्या पहिल्या दोन पर्वांना मागून हशा जोडलेला आहे, तिसऱ्यात काढून टाकलाय. तिथपासून कुठे हसायचं ते आपलं आपण ठरवायचं, आणि बऱ्याचदा चुकतं.

आदल्या रात्री दादाने 'घोस्टवॉच' दाखवलं होतं, त्याचाही हात असणार या भीतीत. 31 ऑक्टोबर 1992 ला बीबीसी वनवर लागलेला कार्यक्रम: लंडनच्या एका घरातून भुताचा 'थेट' शोध, स्टुडिओत मायकल पार्किन्सन, म्हणजे ज्याच्यावर देश विश्वास ठेवायचा असा माणूस. सगळं आधी चित्रित केलेलं नाटक होतं. लोकांना ते खरं वाटलं, फोनांचा पाऊस पडला, आणि बीबीसीने ते टीव्हीवर पुन्हा कधी दाखवलं नाही. त्यातल्या भुताचं नाव पाईप्स, कारण पोरं घाबरली की आई सांगायची, नळाचा आवाज आहे रे. 2018 मध्ये 'नंबर नाईन'वाल्यांनी थेट प्रक्षेपणात आवाज बिघडल्याचं सोंग करून तोच डाव पुन्हा टाकला, आणि बऱ्याच लोकांनी कंटाळून चॅनल बदललं. ज्यांनी बदललं नाही, त्यांची चंगळ.

स्टेशनावर पोचले तेव्हा पूर्ण अंधार. फलाटावर मी आणि एक कचरापेटी. फलकावर माझी गाडी दिसली आणि तिच्यापुढे 'रद्द'. पुढची अर्ध्या तासाने. मागे गाव, पुढे न उरलेले रूळ.

दादाला फोन लावला. "गाडी रद्द झाली," म्हटलं.

पलीकडून आधी काही आवाज नाही, मग तो असा हसला की वहिनीने मागून काय झालं म्हणून विचारलं. "आता राहा तिथेच," तो म्हणाला. दम लागला होता त्याला. मग जरा सावरून, "बरं ऐक, येताना तिथल्या खाटकाकडून रात्रीसाठी मटण आणतेस का?"

"वरणभात लाव," मी म्हटलं आणि फोन ठेवला.