गाडीची टकटक, दोन रविवार आणि एक पॅकिंग

आमची गाडी शंभर सीसीची, 2011 ची, आधी नानांची होती आता माझ्याकडे. रोज अमळनेर ते पारोळा जाणं-येणं, त्यामुळे तिचा आवाज मला पाठ आहे. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी किक मारली आणि टक टक टक टक. गावाबाहेर शेतांच्या मधून जाताना फार कळायचं नाही, पण एखाद्या कंपाउंडच्या भिंतीला लागून गेलो की भिंतीवरून आवाज परत यायचा आणि वाटायचं टाकीखाली कोणी शिलाई मशीन चालवतंय.

मेकॅनिककडे नेली. त्याने दोनदा रेस केली, मान तिरपी केली आणि निकाल दिला, "टायमिंग चेन गयी भाऊ तुनी, हेड उतारनं पडी." म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) उतरवून आतली, व्हॉल्व्ह म्हणजे झडपा चालवणारी साखळी बदलायची, त्याचे अडीच हजार सांगितले. गाडी खाली बसून पाहिलीसुद्धा नाही. मी म्हटलं रविवारपर्यंत थांबतो.

रविवारी सकाळी सातलाच अंगणात काम काढलं, कारण आमच्याकडे त्या दिवसांत दहानंतर फरशीवर पाय ठेवता येत नाही तर पाना काय धरणार. पहिलं ऑईल पाहिलं. डिपस्टिक पुसून फक्त आत ठेवायची, आटे फिरवून बसवायची नाही, नाहीतर लेव्हल चुकीची दिसते. ऑईल थोडं कमी होतं, टाकलं, पण आवाज तसाच.

मग म्हटलं टॅपेट (व्हॉल्व्हवरचा गॅप ठरवणारे स्क्रू) असतील. आणि इथे मी माती खाल्ली. इंजिन थंड होतं, ते बरोबर होतं. मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या चाकाच्या, नटावर पाना लावून फिरवत पिस्टन सगळ्यात वर आल्याची "टी" ची खूण जुळवली, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर हलवून पाहिले तर गच्च, म्हटलं हे तर टाईट झालेत, आणि फिलर गेज (गॅप मोजायची पत्ती) लावून दोन्ही ढिले करून टाकले. गाडी चालू केली तर आवाज डबल! शेजारच्या काकू गच्चीवरून बघायला लागल्या.

नाना खाटेवर बसून चहा पीत होते. त्यांनी आयुष्यभर विहिरीवरचं डिझेल इंजिन सांभाळलंय, पण विचारल्याशिवाय बोलत नाहीत, आणि मी विचारलं नव्हतं. आता तेच म्हणाले, "आरे येडा, टी दोनदा येस." फोर स्ट्रोक इंजिनमध्ये एका पूर्ण चक्राला क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) दोन फेऱ्या मारतो, म्हणजे ती खूण दोनदा समोर येते, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा धूर बाहेर टाकून झाल्यावर. दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात म्हणून रॉकर गच्च लागतात, आणि मी नेमकं तिथेच सेटिंग केलं होतं. अजून एक फेरी मारली, दोन्ही रॉकर किंचित हलायला लागले, तिथे पुन्हा गॅप धरला. डबल झालेला आवाज गेला, मूळची टकटक राहिली ती राहिलीच. अकरा वाजले, पहिला रविवार गेला.

पुढच्या रविवारी नानांना आधीच विचारलं. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली आणि टोक चालू इंजिनवर एकेक ठिकाणी टेकवत गेले. हेडवर, सिलेंडरच्या डाव्या बाजूला जिथून चेन जाते तिथे, क्लचच्या कव्हरवर. मलाही ऐकवलं. कुठेच काही ठोकल्यासारखं नाही, उलट लोखंडात आवाज कमी आणि बाहेर हवेत जास्त. ते म्हणाले, "हाऊ आवाज लोखंडना नही शे, वाराना शे."

मग ओलं जाड फडकं घेतलं आणि सायलेन्सरच्या टोकावर क्षणभर दाबून धरलं (हात जपून, भयंकर तापतं). इंजिन आणि सायलेन्सरचा जोड घट्ट असेल तर इंजिन गुदमरतं. आमचं चालूच राहिलं आणि पुढून, जिथे सायलेन्सरचा पाईप हेडला बसतो तिथून, फस फस फस. वाकून पाहिलं तर जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा. इतके दिवस मला तो चिखल वाटत होता!

टॅपेटसारखाच आवाज का, हे तेव्हा डोक्यात शिरलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हही (धूर बाहेर सोडणारा) क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, आणि दरवेळी तो उघडला की फटीतून वारा फटकन निघतो. आयडलिंगला, म्हणजे रेस न करता, चौदाशेच्या आसपास आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) धरला तर मिनिटाला सातशे फटके, टॅपेटचेही तितकेच, कान फसणारच. आणि सकाळी थंड असताना टकटक जास्त, दोन-तीन किलोमीटरनंतर कमी, याचंही कोडं सुटलं. धातू तापून फुगतो आणि फट थोडी बुजते. दिवाळीआधी सायलेन्सर वेल्डिंगला काढला होता, तेव्हा जोडात दाबून बसवायची कडी, म्हणजे पॅकिंग, जुनंच दबलेलं परत बसवलं गेलं असणार.

नवीन पॅकिंग वीस रुपयांना मिळालं. खरी भीती नटांची, दोन्ही गंजलेले, जोर लावला आणि हेडमधला स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला तर अडीच हजारही कमी पडले असते. त्यांच्यावर डिझेल सोडून रात्रभर ठेवले, सकाळी पुढे-मागे करत एकेक आटा सोडवला. बसवताना आधी मागचा सायलेन्सरचा मोठा बोल्ट ढिला ठेवला म्हणजे पाईप जोडावर सरळ बसतो, मग पुढचे दोन नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले, मागचा सगळ्यात शेवटी. चालू करून जोडावर हात लांबून फिरवला, वारा नाही. हे सगळं उघड्या अंगणातच करा बरं, बंद खोलीत इंजिन चालवून हा धूर घेऊ नका.

मेकॅनिक परवा चहाच्या टपरीवर भेटला, म्हणे चेन कुठे टाकली. मी सांगितलं पॅकिंग होतं, तर म्हणतो, "मी तेच म्हणत होतो." एक नट सोडवताना थोडा गोल झालाय. धुळ्याला गेलो की दोन पितळी नट आणायचेत, ते गंजून चिकटत नाहीत.