सी ड्राइव्ह कापताना: ७०० जीबी रिकामी, तरी विंडोज ४१च्या वर देईना

डिस्क १ टीबीची, जुनी, तबकडीवाली. विंडोज १० ती ९३१ जीबी दाखवतं. (बाकीची कुणी खाल्लेली नाही. डिस्क बनवणारे १०००च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या.) जवळपास सगळी सी ड्राइव्हलाच दिलेली आणि त्यातली जेमतेम २१० भरलेली. मला फोटो नि रेकॉर्डिंगसाठी ३०० जीबीचं वेगळं पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र कप्पा) हवं होतं, सीमधल्या फाइलना हात न लावता.

पहिला दिवस
बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, मग चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका तपासणारं विंडोजचं साधन). डिस्क मॅनेजमेंट उघडून सीवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. उत्तर आलं: जास्तीत जास्त ४१ जीबी!

श्रिंक म्हणजे पार्टिशनची उजवी भिंत डावीकडे सरकवणं. वाटेतल्या साध्या फाइल विंडोज स्वतःच उचलून आत ठेवतं. काही मात्र चालू विंडोजमध्ये हलवताच येत नाहीत. तसली एखादी उजवीकडे बसलेली असली, की भिंत तिथेच थांबते, मग अलीकडे कितीही मैदान मोकळं असो.

दुसरा दिवस
नेहमीचे संशयित आधी. हायबरनेशन (मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून संगणक बंद करणं) बंद, पेजिंग फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बंद, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून जुने रिस्टोअर पॉइंट (मागच्या स्थितीत परतण्यासाठी विंडोजने ठेवलेल्या नोंदी) पुसले. रीस्टार्ट. आता १६८ जीबी. बरं, पण पुरेसं नाही.

इथे बरेच जण कंटाळून पार्टिशनचं एखादं सॉफ्टवेअर उतरवतात. त्याआधी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी दाखवणारं साधन) बघा. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद असते आणि भिंत कुठल्या फाइलपाशी अडली ते त्यात सरळ लिहिलेलं असतं. माझ्याकडे निघालं यूएसएन जर्नल, म्हणजे कुठल्या फाइलमध्ये कधी काय बदललं याची एनटीएफएसने (डिस्कवर फाइल मांडायची विंडोजची पद्धत) ठेवलेली वही. एफएसयूटिल या विंडोजच्या कमांडने ती पुसली. त्यात आपला डेटा नसतो, पण सर्च इंडेक्स आणि काही बॅकअप प्रोग्रॅम तिच्यावर विसंबतात, त्यांना पुन्हा सगळं चाळावं लागतं. परत श्रिंक: ४३८ जीबी!

आकडा टाकला ३०७२००, कारण तो रकाना एमबीचा आहे. (तिथे नुसतं ३०० लिहून ३०० एमबीचं पार्टिशन केलेला महाभाग मीच, फार पूर्वी.) पाऊण तास डिस्क खरखरत होती. मध्ये काही हललं नाही तरी बंद करू नका.

तिसरा दिवस
मोकळ्या जागेवर न्यू सिंपल व्हॉल्यूम. माझी डिस्क एमबीआर (पार्टिशनची यादी ठेवायची जुनी पद्धत) आहे, म्हणजे प्रायमरी पार्टिशनं चारच. तीन आधीच होती, म्हणून विंडोजने चौथं एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात माझं लॉजिकल बसवलं. चार प्रायमरी आधीच असतील तर विंडोज डायनॅमिक डिस्क (विंडोजची स्वतःची वेगळी मांडणी) करू का असं विचारतं. तिथे डोळे झाकून 'येस' दाबू नका, पुढे लिनक्स टाकताना रडाल. जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवर ही कटकट नाही, विंडोज तिथे १२८ पर्यंत मान्य करतं.

डी अक्षर डीव्हीडीने बळकावलेलं, म्हणून मला ई मिळालं. पेजिंग फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन परत चालू केलं. हायबरनेशन मी वापरतच नव्हतो, ते बंदच ठेवलं.

आता पिक्चर्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबवरून फोटो ईवर हलवतोय. ९२ जीबी गेलेत, रेकॉर्डिंग अजून बाकी.