रॅम्प हलका हवा तर आधी जिना मोजा

स्केटबोर्डचा हलका रॅम्प कसा बांधायचा, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी सुतारकामावर बोलण्यापेक्षा ते केलेलं मला बरं वाटतं. परळच्या एका गाळ्यात मी मराठी नाटकांचे सेट बांधतो. हल्ली त्याच गाळ्यातून स्केटबोर्डचे रॅम्पही बाहेर पडतात, आणि ते बघून विचारणारे दोन प्रकारचे असतात. पोरं विचारतात, “काका, एवढा हलका आहे, मोडणार नाही ना?” त्यांच्या आया विचारतात, “खेळून झाल्यावर हे धूड ठेवायचं कुठे?”

पोरांना आपलाच प्रश्न मोठा वाटतो. मी आयांच्या बाजूचा. मुंबईत रॅम्प कुठे ठेवणार आणि तिथपर्यंत कोण नेणार हे ठरलं, की तो केवढा, किती तुकड्यांत आणि किती किलोचा हे जवळपास ठरूनच जातं. मोडण्याचा हिशेब त्यानंतरचा, आणि तो कागदावर सुटतो.

इंटरनेटवर रॅम्पचे नकाशे ढिगाने मिळतात. बरेचसे अमेरिकेतल्या घरामागच्या अंगणासाठी काढलेले असतात. जाड लाकडाचा सांगाडा, 18 एमएम प्लायच्या बाजू, आणि एकदा मांडला की काही वर्षं हलवायचा नाही हे गृहीत. आपल्याकडे 18 एमएमची आठ बाय चारची एक शीटच 35 किलोच्या घरात जाते. आणि जागा म्हणजे काय, तर रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मिळालेले दोन तास, तेही सेक्रेटरींच्या मेहेरबानीने. रस्त्यावर जावं तर फुटपाथला पेव्हर ब्लॉक. त्याच्या प्रत्येक फटीत चाक अडखळतं. म्हणून गुळगुळीत काँक्रीट दिसेल तिथे पोरं रॅम्प घेऊन धावतात, आणि वॉचमनची शिटी वाजली की तो उचलून पळता आला पाहिजे.

हे गणित मला नवं नव्हतं. दुपारचा प्रयोग शिवाजी मंदिरला आणि रात्रीचा ठाण्याला गडकरी रंगायतनला असला, की मधल्या वेळात अख्खा वाडा उतरवून टेम्पोत भरायचा आणि पुन्हा उभा करायचा. प्रेक्षकाला दिसतो दगडी वाडा, बॅकस्टेजची दोन पोरं त्याची भिंत काखोटीला मारून नेतात. पण त्याच सेटवर एखादी लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा, असते, तिच्यावर नट धाडकन उडी मारतो, आणि ती हलून चालत नाही. म्हणजे लाकूड कुठे वाचवायचं आणि कुठे मुळीच वाचवायचं नाही, एवढंच शिकायचं असतं. हलका रॅम्प म्हणजे कमी ताकदीचा रॅम्प, हा समज मला पटत नाही. बहुतेक जड रॅम्पमध्ये निम्मं लाकूड नुसतं उभं असतं.

सगळ्यात जास्त मागणी असते ती किकरला, म्हणजे उडी घ्यायच्या छोट्या रॅम्पला. माझं माप ठरलेलं आहे: उंची 1 फूट, रुंदी 4 फूट, वक्राची त्रिज्या 8 फूट. हे माप प्लायच्या शीटमधून निघालंय. 8 फुटांच्या त्रिज्येने 1 फूट वर चढलं, की वक्राची लांबी 4 फुटांच्या अगदी जवळ येते आणि जमिनीवरची लांबी 3 फूट साडेदहा इंचांच्या आत राहते. म्हणजे आठ बाय चारची 6 एमएमची एक शीट मधोमध कापली, की चार बाय चारचे दोन थर मिळतात आणि वाया जवळपास काहीच जात नाही. वरच्या टोकाला चढ 29 अंशांचा येतो. नवशिक्याला तो झेपतो आणि सराईताला कंटाळवाणा वाटत नाही.

वक्र आखायला दोरी घेऊ नका, ती ताणली जाते. लाकडाची सरळ पट्टी घ्या, एका टोकाला खिळा, 8 फुटांवर पेन्सिल. एवढी पट्टी फिरवायला घरात जागा नसते, म्हणून गच्ची किंवा चाळीची गॅलरी बघावी लागते.

आता पृष्ठभाग. 12 एमएमचा एकच प्लाय का नाही लावत, असं पोरं हमखास विचारतात. प्लायचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 12 एमएमचा एक प्लाय वाकवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या पाव जोरात 6 एमएमचे दोन सुटे थर वाकतात. वजन तेच, जाडी तीच, पण वक्र न कुरकुरता बसतो. वरच्या थरावर दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा रॅम्पच्या रुंदीच्या दिशेने आल्या, तर वाकवणं आणखी सोपं जातं. तुकडा चौरस असल्याने तो हवा तसा फिरवता येतो. खालचा थर फेविकॉल आणि स्क्रूने पक्का करायचा. वरचा मात्र नुसत्या स्क्रूवर ठेवायचा, कारण झिजतो तोच, आणि झिजला की तेवढाच बदलायचा.

मोडण्याच्या भीतीचं उत्तर या थराच्या खाली आहे. पोरगं जोरात येऊन वक्रावर चढतं, तेव्हा रॅम्पला त्याच्या वजनाहून बराच जास्त भार जाणवतो. ताशी 18 किलोमीटरच्या वेगाने 8 फुटांच्या वक्रात शिरलं, तर जवळजवळ दुप्पट. 50 किलोचा मुलगा त्या क्षणी शंभर किलोचा असतो. त्रिज्या 6 फुटांची केली, तर तोच भार जवळपास अडीच पटीवर जातो. लहान त्रिज्येचा रॅम्प दिसतो आटोपशीर, पण तो गुडघ्यालाही धक्का देतो आणि लाकडालाही. हा सगळा भार चार कडक चाकांतून, अगदी थोड्या जागेवर पडतो. म्हणून प्लाय जाड करण्यापेक्षा त्याखालच्या आडव्या रिपा जवळ आणायच्या: दर 6 इंचांवर एक. दीड बाय एक इंचाची पाइनची रीप पुरते, फक्त ती उभी बसवायची. आडवी टाकलीत तर लाकूड तेवढंच आणि ताठपणा निम्म्याहून कमी. नाटकाच्या लेव्हललाही हेच करतो.

पाइन नवा घेण्याची गरज नाही. परदेशातून यंत्रं ज्या खोक्यांत येतात, त्यांचं लाकूड मुंबईत जुन्या बाजारात भरपूर मिळतं. हलकं असतं, कोरडं असतं. त्यावर शिक्का असतो तो बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते घ्या. एमबी असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं लाकूड. पोरांच्या हाताखाली मी ते वापरत नाही.

बाजूच्या फळ्या 12 एमएमच्या. त्यांना वक्रापासून तीन-चार बोटं अंतर सोडून मोठी भोकं पाडतो. पोटातल्या लाकडावर भार येतच नाही, ते फक्त उचलणाऱ्याच्या खांद्यावर येतं. शिवाय तीच भोकं हातात धरायला होतात. स्क्रूचं एक सांगून ठेवतो: काळे ड्रायवॉल स्क्रू स्वस्त आणि कुठेही मिळतात, पण ते ठिसूळ असतात, बाजूने धक्का बसला की मान तुटते. नागदेवी स्ट्रीटला जाऊन लाकडाचे नीट स्क्रू आणा.

आणि आता आयांच्या प्रश्नाचं उत्तर. हा 4 फुटांचा रॅम्प मी 2-2 फुटांच्या दोन भागांत करतो, मध्ये बोल्ट आणि हाताने फिरवायचे पंखाचे नट. प्रत्येक भाग साधारण 12 किलोचा. जुन्या इमारतीच्या अरुंद लिफ्टमध्ये तो उभा जातो, लिफ्ट नसेल तर एक जण जिन्याने चढवतो, काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या कॅरिअरवर दोन्ही भाग बसतात. घरी आल्यावर पाठीला पाठ लावून पलंगाखाली नाही, पण दाराआड नक्की मावतात. पायथ्याशी चाक अलगद चढावं म्हणून 18 गेजचा पत्रा लागतो, तो वेगळाच ठेवायचा. पत्रा लावलेला रॅम्प जिन्यातून नेलात, तर शेजाऱ्यांच्या भिंतीचा रंग घरी येतो.

हलकेपणाचा खरा तोटा कुणी विचारत नाही. हलका रॅम्प मोडत नाही, तो सरकतो. पोरगं धडकलं की रॅम्प पुढे आणि पोरगं मागे. तळाला ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या, तर बराच फरक पडतो, आणि आवाजही कमी होतो. पोकळ प्लायवर चाकं आपटली, की पार्किंगमध्ये ढोल-ताशा पथकाचा सराव चालू असल्यासारखं वाटतं आणि पहिल्या मजल्यावरचे आजोबा खाली येतात. तरीही सरकला तर मागच्या पोकळीत गोडेतेलाचे पाच लिटरचे चार रिकामे कॅन ठेवायचे आणि तिथल्या नळावर भरून घ्यायचे. 20 किलो वजन जागेवरच उसनं मिळतं, जाताना ओतून टाकायचं. पाणी झाडांना ओता, म्हणजे सेक्रेटरीही खूश.

ॲल्युमिनियमचा का नाही, फायबरचा का नाही, असंही विचारतात. करा की. पण पोरांना तो स्वतः दुरुस्त करता यावा असं मला वाटतं, आणि करवत आणि स्क्रूड्रायव्हर कुणाच्याही घरी सापडतात. बांबूचं विचाराल तर मांडवाला उत्तम. प्लायखाली एकसारखी पातळी हवी असते, ती तो देत नाही.

पाण्याचं थोडं सांगतो. या खेळातले वक्र मोठ्या प्रमाणात आले ते कॅलिफोर्नियातल्या रिकाम्या पोहण्याच्या तलावांतून. 1976-77 च्या दुष्काळात तिथले तलाव कोरडे पडले आणि पोरं त्यांत उतरली. आपला त्रास नेमका उलटा. परदेशात वरून हार्डबोर्ड लावतात. तो इथे जुलैच्या दमटपणात फुगून पापडी धरतो. आयएस 303 या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यातही तग धरणाऱ्या, प्रतीचा प्लाय घ्या. आयएस 710 चा मरीन प्लाय आणखी टिकेल, पण तो सहसा जड असतो आणि आपली सगळी खटपट वजनाचीच आहे. बांधकामाचा काळा शटरिंग प्लाय पाण्याला दाद देत नाही, हे खरं. मात्र त्याच्या गुळगुळीत फिल्मवर ओल आली की चाक निसटतं. कुठलाही घ्या, पाणी शिरतं ते कापलेल्या कडांतून. कडांना ऑइल पेंटचे दोन हात, स्क्रूच्या भोकांतही एक थेंब. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रॅम्प जमिनीवर टेकवून ठेवू नका, विटांवर ठेवा. दसऱ्यानंतर वरचा थर काढून बघा, काळा पडला असेल तर बदला.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं, 2022 च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय स्पर्धांतही ते होतं. तेव्हापासून पोरं टीव्हीवर पाहिलेला मोठा क्वार्टर पाइप, म्हणजे पाव वर्तुळासारखा उंच चढणारा रॅम्प मागतात, वर लोखंडी पाइप बसवलेला, तोही याच पद्धतीने हलका. तिथे मी नाही म्हणतो. 6 फुटांच्या त्रिज्येने 3 फूट उंची गाठली, की वरच्या टोकाला चढ 60 अंशांचा होतो. तिथे पोचलेलं पोरगं रॅम्पला खाली कमी आणि मागे जास्त ढकलतं. हलका असेल तर तो त्याच्यासकट उलटा पडेल, आणि कॅनमधलं पाणी त्याला पुरणार नाही. त्याला वजन हवं, रुंद पाया हवा, म्हणजे एकदा बांधून न हलवण्याची जागा हवी. अशी जागा कुणाच्या ओळखीत असेल, एखादा बंद गाळा, शाळेची शेड, तर नकाशा मी फुकट काढून देतो. फक्त छताची उंची मोजून पाठवा, तुळईच्या खालून. वर गेलेल्या पोराचं डोकं रॅम्पपेक्षा निदान 6 फूट उंच असतं, हे धरून.