तुम्ही विचारलंत म्हणून: रेल्वेची नोकरी का नाही धरली?

मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या गेटवर मुलींना न्यायला येणारे पालक, गणपतीत भेटणारे काका, सगळ्यांचं एकच. स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत चिकटायचं सोडून फुटबॉल लीगच्या मागे का लागलीस? ('क्रिकेट का नाही?' हा 2023 च्या डब्ल्यूपीएल लिलावानंतरचा उपप्रश्न. स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाख मिळाले, ठाऊक आहे. पुढे.)

फॉर्म भरलाच नव्हता असं नाही. बाबांनी भरला होता. शेवटच्या तारखेच्या रात्री, शेजारच्यांच्या लॅपटॉपवर, एका बोटानं टाइप करत. सर्टिफिकेटं चढवली, फोटो सांगितलेल्या साइजमध्ये बसवला. उरली फी. ओटीपी माझ्या फोनवर आला. बाबा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "सांग." मी फोन उपडा ठेवला. "सांग गं." वेळ संपली. त्यांनी 'पुन्हा पाठवा' दाबलं, फोन पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा त्यांनी दाबलं नाही. वायर नीट गुंडाळली आणि तेवढ्या रात्री लॅपटॉप परत देऊन आले. बेस्टमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाला मी ऐकवलं, "मला मॅचेस हव्यात, ड्युटी नको."

आज ते वाक्य जरा फिल्मी वाटतं. पण खोटं नव्हतं. खात्याकडून खेळायचं म्हणजे वर्षातल्या मोजक्या स्पर्धा, एरवी ऑफिस. इंडियन विमेन्स लीगही सुरुवातीला तशीच होती, 2017 पासून काही वर्षं सगळे संघ एका शहरात गोळा करून काही आठवड्यांत उरकायची. 2023-24 ला होम-अवे आलं, म्हणजे एक मॅच आपल्या मैदानावर, एक समोरच्यांच्या. 2024-25 मध्ये आठ संघ, प्रत्येकी 14 सामने. चौदाच? हो, चौदाच! त्या आठांत मुंबईचा एकही संघ नव्हता, म्हणून बॅग भरली.

पैशांचंही सांगते. फुटबॉल फेडरेशननं 2023 मध्ये ठरवलं, वरच्या लीगमधल्या क्लबनं किमान 10 भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान 3.2 लाख द्यायचे. त्या दहांत मी होते का, ते विचारू नका. गुडघा दुखावला तेव्हा एमआरआय क्लबनं केला, सीझन संपल्यावरची फिजिओथेरपी घरच्यांनी. करारात तसंच लिहिलं होतं, मी वाचूनच सही केली होती, आणि आजही करेन. बहुतेक.

बाबा ऑनलाइन मॅच बघतात. नंतर फोनवर गोलाबद्दल अवाक्षर नाही. "या महिन्याचं जमा झालं का?"

"होईल," म्हणते मी.