विरजण आणि बिस्किटे

रात्रीची जेवणे आटोपली की आई कोमट दुधात चमचाभर ताक घालते, भांड्यावर ताटली झाकते आणि निर्धास्तपणे झोपायला जाते. सकाळी ताटली उचलताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, ते केवळ दही लागल्याचे नसून आपण झोपलेलो असताना काम होऊन गेल्याचेही असते, असा माझा जुना समज आहे. विरजण लावण्याचे काम माझ्याकडे कधीच आले नाही. म्हणूनच की काय, ते समाधान मी गेली काही वर्षे संगणकाच्या पडद्यावर शोधतो आहे. खेळाडूने बहुतेक वेळ काहीच न करता पुढे सरकत राहणाऱ्या खेळांना 'आयडल गेम' म्हणतात, आणि माझे व्यसन त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध खेळाचे, म्हणजे 'कुकी क्लिकर'चे आहे.

२०१३ साली एका फ्रेंच प्रोग्रॅमरने केलेल्या या खेळात पडद्यावर एक भलेमोठे बिस्किट असते. त्यावर एक टिचकी मारली की आपल्या खात्यात एक बिस्किट जमा होते. पंधरा बिस्किटे साठली की आपल्या वतीने टिचक्या मारणारा एक बाण विकत घेता येतो आणि शंभर साठली की एक आजी मिळते, जी दर सेकंदाला एक बिस्किट भाजते. पुढे शेते येतात, खाणी येतात, कारखाने येतात. मात्र प्रत्येक खरेदीनंतर त्याच वस्तूची किंमत १५ टक्क्यांनी वाढते. पहिली आजी शंभर बिस्किटांना येते, अकरावी चारशे पाचला आणि एक्कावन्नावी सुमारे एक लाख आठ हजारांना. तिची भाजणी मात्र पहिलीइतकीच. उत्पन्न बेरजेने आणि महागाई चक्रवाढीने वाढत असल्यामुळे पुढची खरेदी नेहमी 'आता थोडक्यासाठी राहिली' अशा अंतरावर असते. शाळेत चक्रवाढ व्याजाची गणिते कंटाळत सोडवणारा मी, हा हिशेब रात्री साडेअकराला स्वेच्छेने, कागदावर, करीत बसलो आहे.

या खेळातल्या आकड्यांचा थाटही मोठा आहे. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी दिलेली संख्यानामे अब्ज, खर्व, निखर्व करीत परार्धावर, म्हणजे एकावर सतरा शून्यांवर, येऊन थांबतात. नेटाने खेळणारा माणूस तो परार्ध मागे टाकतो, आणि त्या वेळी तो बहुधा भाजी निवडत किंवा गाडीची वाट पाहत असतो. कार्यालयात एखादी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला तीन आठवडे लागत असताना, आपले काहीतरी दर सेकंदाला वाढते आहे ही जाणीव मनाला फार बरी वाटते. त्या आकड्याने दमडीचे काही येत नाही हे मला ठाऊक आहे, पण बरे वाटणे खोटे नाही.

गंमत अशी की या प्रकाराची सुरुवातच थट्टेतून झाली. २००२ सालचा 'प्रोग्रेस क्वेस्ट' हा तासन्‌तास राक्षस मारत बसण्याच्या खेळांचे विडंबन होता. त्यात पात्र निवडून दिले की खेळाडूने नुसते पाहत राहायचे. २०१० साली इयान बोगोस्ट या अभ्यासकाने 'काऊ क्लिकर' केला, ज्यात दर सहा तासांनी गाईला एकदा टिचकी मारायची. समाजमाध्यमांवरच्या खेळांचा पोकळपणा दाखवावा हा त्याचा हेतू, पण लोक तो मनापासून खेळू लागले. शेवटी त्याने गाई नाहीशा केल्या, तरी काही जण गाय जिथे उभी असे त्या रिकाम्या जागेवर टिचक्या मारीत राहिले. त्या लोकांना हसण्याचा अधिकार मी केव्हाच गमावला आहे.

कारण हे खेळ वाटतात तितके निरुपद्रवी नाहीत. दह्याचे भांडे रात्रीतून आपल्याला हाक मारीत नाही. 'कुकी क्लिकर'मध्ये मात्र पाच ते पंधरा मिनिटांत केव्हातरी एक सोनेरी बिस्किट उगवते, तेरा सेकंदच टिकते आणि वेळेत टिपले तर कधीकधी सत्त्याहत्तर सेकंद उत्पन्न सातपट करते. म्हणजे 'तुम्ही स्वस्थ बसा, मी सांभाळतो' असे म्हणणारा खेळच दर दहा मिनिटांनी तुमच्या बाहीला धरून ओढतो. मोबाईलवरच्या अशा कित्येक खेळांत तर जाहिरात पाहिल्यास कमाई दुप्पट होते. त्या वेळी नेमके कोण कोणासाठी राबते आहे, हे विचारायची सोय उरत नाही. बुद्धिबळात हरलो तर निदान चूक कळते. इथे हरताच येत नाही, आणि म्हणून शिकण्यासारखेही फार काही हाती लागत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी साठवलेले सर्व स्वहस्ते पुसून टाकले. एक लाख कोटी बिस्किटे भाजून झाली की तशी सोय असते, आणि त्या बदल्यात पुढच्या डावात उत्पन्न एक टक्क्याने वाढते. दिवाळी संपली की मुले किल्ला मोडून पुढच्या वर्षी मोठा बांधायचे बेत करतात, तसलाच हा उद्योग. फरक इतकाच की किल्ल्याची माती नखांत राहते.

परवा सोनेरी बिस्किटाच्या नादात गॅसवरचे दूध उतू गेले. आईने आत येऊन विचारले, "काय करत होतास?" मी म्हणालो, "काही नाही," आणि याहून प्रामाणिक उत्तर मी आयुष्यात दिले नसेन. तिने चष्मा लावून पडद्यावरची ओळ न्याहाळली. मी सांगितले की त्या एकशे बारा आज्या असून रात्रंदिवस बिस्किटे भाजत असतात.

"आणि ती खातं कोण?"

"कोणीच नाही."

"मग त्या बायकांना झोपू दे जरा," असे म्हणून ती ओटा पुसू लागली.